मणके मंडळाची पाचवी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी, ओकच्या लाकडाची खुर्ची आहे आणि मी रागावलेली आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना सुस्कारे टाकायचे असतात, हे मला ठाऊक आहे. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. माझ्या अंगावर कॉफीचे डाग भरपूर आहेत, अश्रूंचा एकही नाही.

आमच्या राज्यात हाताने मणके बसवणारे डॉक्टर असतात. त्यांना कायरोप्रॅक्टर म्हणतात. त्यांची परीक्षा घेणारे, त्यांना परवाना देणारे आणि कोणी चुकला तर त्याचा कान धरणारे एक सरकारी मंडळ राजधानीत आहे. कागदावर त्याचे नाव लांबलचक आहे, पण इमारतीतले लोक त्याला 'मणके मंडळ' म्हणतात. मी त्या मंडळाची खुर्ची. साठ वर्षे माणसांच्या पाठी मी अंगावर घेतल्या आहेत. कोणाचा कणा ताठ आहे आणि कोण नुसताच ताठ बसला आहे, हे मला बसल्याबरोबर कळते. मणक्यांच्या त्या चार तज्ज्ञांनी मात्र मला कधी काही विचारले नाही.

माझा जन्म तुरुंगात झाला. लाजण्यासारखे त्यात काही नाही. सरकारी कचेऱ्यांचे बहुतेक लाकडी सामान तेव्हा राज्याच्या तुरुंगातल्या सुतारशाळेतच तयार होत असे. मला घडवणारा कैदी मात्र वेगळा होता. त्याचे नाव एनॉक त्वेट. तो स्वतःच मणके बसवणारा होता आणि लोकांचे मणके बसवले, हाच त्याचा गुन्हा होता.

रेल्वेच्या एका लहान गावात त्याचा दवाखाना होता. गावातल्या औषधवाल्या डॉक्टरांनी तक्रार केली की हा माणूस परवान्यावाचून डॉक्टरकी करतो. आता परवाना द्यायचे मंडळ होते त्याच औषधवाल्यांचे, आणि एनॉकच्या विद्येसाठी परवानाच अस्तित्वात नव्हता. नसलेली वस्तू जवळ नाही म्हणून न्यायाधीशाने त्याला दोषी ठरवले. दंड भर नाही तर सहा महिने आत जा, असे सांगितले.

"दंड भरला म्हणजे गुन्हा कबूल केला," एनॉक म्हणाला. "मी आत जातो."

तो आत गेला आणि त्याचे रोगीही त्याच्यामागे आले. रविवारी भेटीच्या वेळी कुंपणापाशी रांग लागायची. पहारेकऱ्याने पहिल्या रविवारी सगळ्यांना हाकलले. दुसऱ्या रविवारी तो स्वतःच सुतारशाळेत आला आणि दार लोटून हळूच म्हणाला, "एनॉक, जरा बघतोस का रे? कालपासून वाकता येत नाहीये. बुटाची नाडी बायकोला बांधायला लावली."

"आणि उद्या तूच माझ्याविरुद्ध साक्ष देशील, तुरुंगातसुद्धा मणके बसवतो म्हणून."

"नाडी बांधता आली तर नाही देणार."

त्या सहा महिन्यांत एनॉकने मला घडवले. माझ्या पाठीचा बाक त्याने स्वतःच्या कमरेवरून मोजला. म्हणून माझ्यावर बसणाऱ्याला टेकल्याबरोबर बरे वाटते. हे मी गर्वाने सांगत नाही. कारागिराने मनापासून केलेल्या कामात माझी काय फुशारकी?

तो सुटला तेव्हा त्याचे रोगी गाड्या भरभरून विधिमंडळासमोर जाऊन उभे राहिले. दोन वर्षे त्यांनी पिच्छा पुरवला आणि शेवटी कायदा झाला. तो कायदा चौदा पानांचा होता, आणि त्यातली काही पाने एनॉकने स्वतः लिहून दिली होती. मंडळावर तीन सदस्य असावेत. तिघेही निदान तीन वर्षे धंदा केलेले कायरोप्रॅक्टर असावेत. गव्हर्नरने त्यांना नेमावे आणि सेनेटने होकार द्यावा. तिघांची मुदत एकदम संपू नये, दरवर्षी एकाचीच संपावी, म्हणजे सगळे मंडळ एका गव्हर्नरच्या खिशात जाणार नाही. मंडळाने परीक्षा घ्यावी, शिक्का मारून परवाना द्यावा, आणि रोग्याची तक्रार आली तर ती ऐकावी. ज्या सदस्याचे त्या प्रकरणातल्या माणसाशी नाते असेल त्याने मत देऊ नये. एवढे सगळे साध्या भाषेत लिहिलेले होते.

एनॉक पहिला अध्यक्ष झाला. त्याने तुरुंगाला चिठ्ठी लिहून मला मागवून घेतले आणि पहिल्या बैठकीत माझ्यावर बसला. "हे मंडळ आपल्यासाठी नाही," तो बाकीच्या दोघांना म्हणाला. "आपण जेलमध्येसुद्धा जगलो. हे टेबलावर पालथं झोपणाऱ्या माणसासाठी आहे. त्याला आपले हात दिसत नाहीत."

पहिल्याच परीक्षेला एनॉकचा मेव्हणा बसला. त्याचे नाव पुकारल्याबरोबर एनॉक उठला.

"हा माझ्या बायकोचा भाऊ. मत तर मी देणार नाहीच, पण मी खोलीतसुद्धा थांबत नाही. माझं तोंड बघून तुम्ही मार्क द्याल."

जानेवारीचा महिना होता आणि व्हरांड्यात शेकोटी नव्हती. एनॉक दोन तास तिथे टोपी हातात धरून उभा राहिला. मेव्हणा नापास झाला. एनॉकची बायको पुढे महिनाभर त्याच्याशी बोलली नाही, असे तो स्वतःच हसत सांगायचा. तेव्हापासून मंडळात प्रथा पडली. ज्याला अंग काढून घ्यायचे असेल त्याने उठून खोलीबाहेर जायचे. कायद्यात ती नव्हती, पण सगळ्यांना ती आवडली. खरे सांगते, मलाही आवडली. त्या दिवशी मी दोन तास रिकामी होते आणि मला त्याचा अभिमान वाटला होता.

त्या अभिमानाची आज मला चीड येते.

एनॉक गेला. तिघांचे चौघे झाले. मंडळ तळघरातल्या एका खोलीत हलले. ती लांबट होती, एक खिडकी, एक दार, आणि ते दार आत उघडणारे. औषधवाल्यांशी भांडण पुढे पन्नास वर्षे चालले आणि त्या भांडणात मंडळाला एक वाईट खोड लागली. रोग्याची तक्रार आली की आधी प्रश्न व्हायचा, 'हे बाहेर कळलं तर हॉस्पिटलवाले काय म्हणतील?' रोगी काय म्हणतो, हा प्रश्न मागे पडत गेला. माझे सगळे आयुष्य पाठ सांभाळण्यात गेले आहे, मित्रांनो. पण पाठ सांभाळणे वेगळे आणि पाठीशी घालणे वेगळे. माझ्या टेबलाभोवती दुसरे चालू होते.

मग विधिमंडळातल्या कोणाला तरी जाग आली. कायदा दुरुस्त झाला आणि मंडळावर पाचवा सदस्य आला. हा सामान्य जनतेतला असावा. तो स्वतः कायरोप्रॅक्टर नसावा, कायरोप्रॅक्टरचा नवरा किंवा बायको नसावी, त्या धंद्यात त्याचा कसलाही स्वार्थ नसावा. बाकी कोणीही चालेल.

नेमक्या त्याच वर्षी मंडळाने चाकांच्या, फिरणाऱ्या, काळ्या गुबगुबीत खुर्च्या घेतल्या. घेतल्या चारच. पाचव्या सदस्यासाठी कोठीतून मला ओढून आणले. जिच्यावर पहिला अध्यक्ष बसला ती मी, टेबलाच्या शेवटच्या टोकाला, कॉफीच्या यंत्राशेजारी. माझ्या डोक्यावरून हात घालून सगळे आपापले पेले भरायचे. कॉफीचे डाग तेव्हाचे.

माझ्यावर बसायला आल्या व्हर्नेटा पोस्पिशिल. वय बासष्ट, नवरा वारलेला. सव्वीस वर्षे धान्याच्या कोठारावर, ट्रक तोलायच्या मोठ्या काट्यावर त्यांनी काम केले होते. त्यांनी गव्हर्नरला आपल्या गावच्या रस्त्याखाली तुंबलेल्या एका मोरीबद्दल तीन पत्रे लिहिली होती. मोरी काही दुरुस्त झाली नाही, पण कचेरीतल्या कोणाला तरी वाटले, बाईला एखाद्या मंडळावर टाकले की गप्प बसेल.

त्या माझ्यावर टेकल्या आणि मी ओळखले. कण्यात सांधेदुखी होती, पण बाक नव्हता.

अध्यक्ष होते डॉ. मर्ल ऑस्टरगार्ड. गोड बोलणारा माणूस. "व्हर्नेटा, आमच्या या किचकट गोष्टींनी डोकं दुखवून घेऊ नका हं," ते पहिल्याच दिवशी म्हणाले. "तुम्ही आपली कॉफी घ्या."

"डोकं माझं आहे, डॉक. दुखलं तर तुमच्याकडे नाही आणणार," व्हर्नेटाबाई म्हणाल्या आणि पिशवीतून कायद्याचे पुस्तक काढून वाचायला लागल्या. ते चौदा पानांचे आता बावीस पानांचे झाले होते. टेबलाभोवतीच्या चौघांपैकी ते एकीनेच पूर्ण वाचलेले होते. ती म्हणजे डॉ. नडीन रेमपेल. वयाने सगळ्यांत लहान, दुसऱ्या राज्यात शिकून आलेली, आणि फारसे न बोलणारी.

त्या मार्चमध्ये एक तक्रार आली. एकच पान होते. लिहिणारी जोलीन स्लेटन, तिच्या नवऱ्याबद्दल. नवरा ऑरिन, छत्तीस वर्षांचा, शेतीच्या अवजारांच्या दुकानात जोडकाम करणारा. मान आखडली म्हणून तो डॉ. बॉइड हॉलग्रेनकडे गेला होता. डॉक्टरांनी मानेला एक हिसका दिला. ऑरिन म्हणाला, खोली फिरतेय. डॉक्टर म्हणाले, बसेल आता, आणि मान पुन्हा वळवली. मग ऑरिनची जीभ जड झाली, डावा हात बधिर झाला. डॉक्टरांनी त्याला मागच्या खोलीत दिवा मालवून झोपवून ठेवले. एक तास दहा मिनिटांनी जोलीन त्याला न्यायला आली, आणि तिनेच चाळीस मैल गाडी मारून त्याला हॉस्पिटलात नेले. मानेतली एक रक्तवाहिनी फाटली होती. ती हिसक्याने फाटली की आधीपासूनच फाटत होती, हे तिथल्या डॉक्टरांनाही ठामपणे सांगता आले नाही. जोलीननेही तो दावा केला नव्हता. तिने डॉक्टरांना उद्देशून एवढेच लिहिले होते: 'तुमच्या भिंतीवर फोन होता. तुम्ही फोन का केला नाही?'

त्या दिवसापासून ऑरिनचा डावा हात काही धरत नव्हता आणि बोलणे गोगलगायीसारखे चालत होते. हॉलग्रेनचा दवाखाना मात्र रोज नऊ वाजता उघडत होता.

जूनच्या बैठकीत तक्रार पुकारली. ऑरिन आणि जोलीन तीन तास गाडी चालवून आले होते आणि भिंतीशी घडीच्या खुर्च्यांवर बसले होते. हॉलग्रेनही आले होते, पांढऱ्या केसांचे, आब राखून. अध्यक्ष ऑस्टरगार्ड उठले. त्यांच्या डावीउजवीकडचे दोघेही उठले.

"आम्ही तिघंही हॉलग्रेन सरांच्या हाताखाली शिकलो," ऑस्टरगार्ड हळहळत म्हणाले. "त्यांच्याविषयी मत देणं आम्हाला शोभणार नाही. एनॉक त्वेट यांनी घालून दिलेल्या प्रथेप्रमाणे आम्ही बाहेर जातो."

तिघे बाहेर गेले. टेबलाशी उरल्या डॉ. रेमपेल आणि व्हर्नेटाबाई. कोरम, म्हणजे निर्णयाला लागणारी किमान हजेरी, तिघांची. दोघींना काही ठरवता येत नाही. तक्रार पुढच्या बैठकीवर ढकलली गेली. दाराआडून बाहेरच्या बोळातला आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. तिघेजण कोलाचे, म्हणजे जर्दाळू भरलेले गोड पाव, खात होते आणि कोणीतरी मासेमारीचा किस्सा सांगत होता.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या गारठ्यात टोपी हातात धरून उभा राहिलेला माझा एनॉक! त्याचे नाव घेऊन हे लोक कोलाचे खात होते.

सप्टेंबरमध्ये तेच झाले. डिसेंबरमध्ये बर्फ होते, स्लेटन नवरा-बायको पाच तास गाडी चालवून आले, आणि तेच झाले. त्या वेळी मंडळाला सल्ला देणाऱ्या सरकारी वकिलाने चष्मा पुसत सांगितले की वर्षाच्या आत निकाल लागला नाही तर तक्रार आपोआप रद्द होते. म्हणजे मार्चची बैठक शेवटची. व्हर्नेटाबाईंनी गव्हर्नरच्या कचेरीत फोन केला की या प्रकरणापुरते दुसरे सदस्य नेमा. लेखी पाठवा म्हणाले. पाठवले. उत्तर आले नाही. अशी टोलवाटोलवी मी जन्मभर ऐकत आले आहे, पण या वेळी मला ती सहन होईना.

खोली रिकामी झाली तरी जोलीन उठली नव्हती. नवऱ्याच्या कोटाचे बटण लावत ती म्हणाली, "बाई, एक विचारू? तुम्ही रागावणार नाही ना? आम्ही येतो म्हणून हे लोक बाहेर जातात का? आम्ही नाही आलो तर बसतील?"

  ती दोघे गेल्यावरही व्हर्नेटाबाई तशाच बसल्या. पुस्तक काढून एकच पान त्यांनी चार वेळा वाचले, आणि मग त्या एकदम मोठ्याने हसल्या. मला त्याचा अर्थ मार्चमध्ये कळला.

मार्चच्या बैठकीला सगळे आले. कॉफी ओतली गेली. परवान्यांचे कागद शिक्का मारून बाजूला ठेवले गेले. शेवटी तक्रार पुकारली. ऑस्टरगार्डनी चेहरा पाडला आणि खुर्ची मागे सरकवायला सुरुवात केली. तेवढ्यात व्हर्नेटाबाई उठल्या, त्यांनी मला दोन्ही हातांनी उचलले, हो, सांधे दुखत असताना उचलले, दारापाशी नेऊन आपटले आणि दाराला पाठ लावून माझ्यावर बसल्या.



"व्हर्नेटा," ऑस्टरगार्ड म्हणाले, "आम्हाला बाहेर जायचंय."

"ऐकलं मी."

"दार आत उघडतं."

"तेही माहितीये. म्हणून तर इथे बसलेय."

"अहो, आम्ही अंग काढून घेतोय!"

"घ्या ना. खुशाल घ्या. पण खोलीत बसून घ्या." बाईंनी पुस्तक उघडले. "कायद्यात लिहिलंय, अशा सदस्याने मत देऊ नये. बाहेर जावं असं कुठल्या पानावर आहे? मला दाखवा, लगेच उठते."

"ती आमची साठ वर्षांची प्रथा आहे!"

"डॉक, मी सव्वीस वर्षं ट्रक तोलले. ड्रायव्हर मध्येच उतरला की काटा हलतो, तो आत बसून राहिला की त्याचं वजन धरलं जातं. मग तो बोलो, न बोलो, झोपला का असेना. कोरम म्हणजे खोलीत किती माणसं आहेत ते. बोलली किती ते नाही. तुम्ही तिघं गप्प बसा, तुमचं वजन मी धरते."

ऑस्टरगार्डचा गोडवा उतरला. "ही दांडगाई आहे. वकीलसाहेब, सांगा हिला! हे कोंडून ठेवणं आहे!"

"कोंडलेलं नाही," बाई म्हणाल्या. "हा घ्या कागद. सदस्यत्वाचा राजीनामा लिहा आणि जा, मी स्वतः दार उघडते. पण सदस्य राहायचं, गव्हर्नरच्या मेजवान्यांना जायचं आणि माणूस समोर आला की बोळात कोलाचे खायचे, हे आज चालायचं नाही."

सरकारी वकिलाने पुस्तक चाळले. पाने मागे-पुढे केली. शेवटी खाकरून म्हणाला, "दाराबद्दल मी काही बोलत नाही. पण 'बाहेर जावं' असं कायद्यात खरंच कुठे नाही. खोलीत पाच जण आहेत. कोरम आहे."

तिघे खाली बसले. गुबगुबीत खुर्च्यांतून हवा सुटल्याचा आवाज आला. साठ वर्षांत मला इतके गोड काही ऐकू आले नव्हते.

"ऑरिन," व्हर्नेटाबाई दारातून म्हणाल्या, "बोला. आज कोणी कुठे जात नाही."

जोलीन त्याच्या वतीने बोलायला उठली. त्याने चांगल्या हाताने तिला खाली बसवले. मग तो बोलला. किती वेळ लागला म्हणून सांगू? दोन वाक्यांना चार मिनिटे. शब्द अर्धा यायचा, जीभ अडकायची, तो थांबायचा, लाळ पुसायचा, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. 

"डॉक," तो म्हणाला, "मी तुम्हाला म्हणालो... खोली फिरतेय. मी तासभर... भिंतीवरचा फोन बघत होतो. का नाही केलात?"

 हॉलग्रेननी आपल्या वकिलाने लिहून दिलेला कागद उघडला आणि परत मिटला. मग ते खरे बोलले. त्याबद्दल मी त्यांना मान देते, पण जे बोलले त्याबद्दल नाही.

"हॉस्पिटलला फोन केला असता," ते म्हणाले, "तर ते म्हणाले असते, बघा, आणखी एका मणकेवाल्याने माणूस बिघडवला. वर्तमानपत्रात आलं असतं. मला वाटलं, थोडं पडून राहिला तर उतरेल. मी... मला त्यांना तोंड द्यायचं नव्हतं."

"तोंड," ऑरिन म्हणाला. एवढा एकच शब्द. तो त्याने पहिल्याच फटक्यात म्हटला.

माझ्या लाकडातून त्या वेळी काय गेले ते मी सांगू शकत नाही. साठ वर्षांपूर्वी औषधवाल्यांनी एका भल्या माणसाला तुरुंगात टाकले होते, म्हणून हे मंडळ झाले. आणि त्या मंडळाच्या नावाजलेल्या माणसाने औषधवाल्यांच्या भीतीने एका भल्या माणसाला अंधाऱ्या खोलीत टाकले होते. जुन्या जखमेची इतकी काळजी घेतली यांनी की ताजी जखम समोर पडलेली दिसली नाही.

मतदान झाले. व्हर्नेटाबाईंनी दारातून हात वर केला. मग सगळे डॉ. रेमपेलकडे बघू लागले. त्या बिचारीला याच लोकांबरोबर पुढची तीस वर्षे धंदा करायचा होता. ऑस्टरगार्ड तिच्याकडे नुसते बघत होते, आणि ते बघणे धमकीपेक्षा कमी नव्हते.

"मला मत द्यायच्या आधी एक सांगायचंय," ती म्हणाली. "मी रोज माना वळवते. शंभरातल्या नव्याण्णव लोकांना बरं वाटतं. मला हा धंदा आवडतो." तिने पेन खाली ठेवले. "म्हणूनच." आणि तिने हात वर केला.

दोन विरुद्ध शून्य. हॉलग्रेनचा परवाना वर्षभरासाठी थांबवला. नंतरची दोन वर्षे दुसऱ्याच्या देखरेखीखाली काम. आणि राज्यातल्या प्रत्येक कायरोप्रॅक्टरला पत्र: रोगी चक्कर येते म्हणाला, जीभ जड झाली म्हणाला, तर हात थांबवा आणि फोन उचला.

व्हर्नेटाबाई उठल्या, त्यांनी मला बाजूला केले आणि दार उघडून धरले. "आता जा बाहेर," त्या म्हणाल्या. "कॉफी गार झालीय, नवीन करून घ्या."

इथे कहाणी संपली असती तर मी रागावलेली नसते. पुढच्याच वर्षी विधिमंडळात कायरोप्रॅक्टरांच्या संघटनेने कायद्यात एक ओळ घालून घेतली: अंग काढून घेणाऱ्या सदस्याने खोलीबाहेर जावे. एनॉकची सचोटी कायदा झाली आणि ढाल झाली. व्हर्नेटाबाईंची मुदत संपली तेव्हा त्यांना पुन्हा नेमले नाही. ऑरिनने त्या जागेसाठी अर्ज केला. एका हाताने, स्वतःच्या अक्षरात. उत्तर आले की ज्याच्या मानेचे प्रकरण मंडळासमोर आले तो सामान्य जनता नव्हे. मग नेमले कोणाला? कोणालाच नाही. कायद्याने गव्हर्नरला नेमणूक करायला सांगितले आहे, कधीपर्यंत ते सांगितलेले नाही. नऊ वर्षे झाली. टेबलाशी चार गुबगुबीत खुर्च्या आहेत आणि पाचवी जागा मोकळी आहे. त्यांना ती मोकळीच बरी वाटते.

आणि मी? मला त्यांनी दाराला लावले आहे. दार आपोआप बंद होऊ नये म्हणून. साहेबांना उठून बाहेर जाताना त्रास नको.

मित्रांनो, या ठिकाणी जुन्या खुर्चीने म्हणायचे असते की मला पुसा, मला तेलपाणी करा, मला फेकू नका. मला त्यातले काही नको. माझे सांधे घट्ट आहेत, एनॉकचे काम आहे ते. मला माणूस हवा आहे. तुमच्या गावातही कोणाला ना कोणाला परवाने देणारे एखादे मंडळ असेल, आणि त्यात एखादी जागा तुमच्यासाठी, त्या धंद्याशी काहीच संबंध नसलेल्या माणसासाठी, कायद्याने राखलेली असेल. तिथे कोण बसले आहे ते एकदा जाऊन बघा. कोणी बसले नसेल तर अर्ज करा, पुस्तक वाचा आणि बसा. आणि दुखावलेला माणूस बोलायला उभा राहिल्यावर कोणी उठून जाऊ लागला, तर खुर्ची उचला आणि दाराशी न्या.